जिवंत जन्मलं होतं का?

पोस्ट मोठी आहे आणि विषय जड आहे. पण आपल्या जिल्ह्याचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

१५ जुलै २०२५. सकाळी साडेसहाचा सुमार. पुण्याहून परभणीकडे येणारी एक स्लीपर ट्रॅव्हल्स पाथरी-सेलू रस्त्यावरून चालली होती. गाडीच्या खिडकीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर पडलं. चालकाने विचारलं, तर उलटी झाली होती असं उत्तर मिळालं. रस्त्यावरच्या एका माणसाने मात्र ते गाठोडं जाऊन पाहिलं. आत नुकतंच जन्मलेलं बाळ होतं, मुलगा. त्याने ११२ ला फोन लावला आणि पोलिसांनी पाठलाग करून गाडी अडवली. बाळ प्रवासातच जन्मलं होतं असं पोलिसांनी सांगितलं. पाथरी ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि बातम्यांमध्ये कलम आलं ते भारतीय न्याय संहितेचं ९४.

पुढचे दोन दिवस आपल्याकडच्या ग्रुपवर काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. नावं, गावं, फोटो, जात-धर्म सगळं चव्हाट्यावर. कुणी फाशी मागत होतं, कुणी 'आजकालच्या पोरी' म्हणत होतं. मी इथे कुणाचंही नाव लिहिणार नाही. प्रकरण कायद्याच्या हाती आहे, निकाल द्यायला आपण बसलेलो नाही. मी सगळ्या बातम्या वाचताना एकच गोष्ट शोधत होतो. ते बाळ जिवंत जन्मलं होतं का? आणि खिडकीतून बाहेर पडलं तेव्हा जिवंत होतं का?

कारण सगळा खटला या प्रश्नावर उभा असतो. कसा ते सांगतो.

कलम ९४ म्हणजे मुलाचा मृतदेह गुपचूप पुरून किंवा दुसऱ्या रीतीने नाहीसा करून त्याचा जन्म लपवणं. मूल जन्माआधी मेलं, जन्मताना मेलं की जन्मल्यावर मेलं, याने या कलमाला काही फरक पडत नाही. शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षं. पण बाळ जिवंत असताना टाकून दिलं असेल तर कलम ९३ लागतं आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. ते टाकल्यामुळे मेलं असेल तर पुढे खुनाचं कलम १०३ उभं राहू शकतं. त्यात जन्मठेप आहे, फाशीही आहे. म्हणजे एकीकडे दोन वर्षं आणि दुसरीकडे फास. मधे फक्त एक प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर आरोपीच्या जबाबात नसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नसतंच. ते त्या दोन-अडीच किलोच्या देहात असतं आणि तासागणिक पुसट होत जातं.

आता थोडं मागे जाऊ. या प्रश्नाला चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि आपल्या कायद्याची मुळं त्याच इतिहासात आहेत.

१६२४ मध्ये इंग्लंडने एक कायदा केला. लग्नाशिवाय झालेलं मूल मेलेलं सापडलं आणि आईने त्याचा मृत्यू लपवला असेल, तर तिने खून केला असंच धरायचं. मूल मेलेलंच जन्मलं होतं हे तिनेच सिद्ध करायचं, तेही साक्षीदार आणून. आता विचार करा, जी बाई चोरून, एकटी, अंधारात बाळंत झाली, ती साक्षीदार कुठून आणणार? कायद्याने उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. देहाला कुणी काही विचारायचंच नाही.

देहाला विचारण्याची पहिली ठळक नोंद जर्मनीतली आहे. १६८१ मध्ये त्साइट्स गावात पंधरा वर्षांच्या एका मुलीवर बाळ मारल्याचा आरोप आला. योहान श्रायर नावाच्या वैद्याने बाळाची फुप्फुसं काढली आणि पाण्यात टाकली. ती बुडाली. बाळाने श्वासच घेतला नव्हता असं मत त्याने दिलं आणि अखेर ती मुलगी सुटली. ही परीक्षा पुढे सगळ्या जगात पसरली. कल्पना साधी आहे. श्वास न घेतलेलं फुप्फुस काळेजासारखं घट्ट, गडद आणि पाण्यापेक्षा किंचित जड असतं. श्वास घेतला की त्यात हवा शिरते, ते फुलतं, स्पंजासारखं होतं, दाबलं की चुरचुरतं आणि पाण्यावर तरंगतं. बुडालं की आई सुटली, तरंगलं की आई अडकली.

पण शंभर वर्षांत डॉक्टरांच्याच लक्षात आलं की हे इतकं सोपं नाही. विल्यम हंटर हे लंडनचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ. त्यांचा एक निबंध १७८३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, वाचला गेला. अशा प्रकरणांत खुनाच्या खुणा किती अनिश्चित असतात हाच त्याचा विषय होता. देह कुजू लागला की आत वायू तयार होतो आणि कधीच श्वास न घेतलेलं फुप्फुसही तरंगतं. कुणी बाळाच्या तोंडात फुंकर घालून त्याला वाचवायचा प्रयत्न केला असेल तरी तरंगतं. उलट, जिवंत जन्मलेल्या अशक्त बाळाचं फुप्फुस नीट फुललंच नाही तर बुडतं. एखादं बाळ डोकं बाहेर येताच एक श्वास घेतं आणि पूर्ण बाहेर येण्याआधीच जातं. हंटर यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की घाबरलेल्या, एकट्या बाईच्या हातून बाळ जाणं आणि तिने बाळ मारणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पाण्याचं भांडं त्यातला फरक सांगू शकत नाही.

१८०३ मध्ये इंग्लंडने जुना कायदा रद्द केला. यापुढे खून सरकारने सिद्ध करायचा. तो सिद्ध झाला नाही पण जन्म लपवल्याचं दिसलं, तर जास्तीत जास्त २ वर्षं कैद. हा आकडा लक्षात आला का? हीच दोन वर्षं १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१८ मध्ये दिसतात आणि आज न्याय संहितेच्या कलम ९४ मध्येही तीच आहेत. पाथरीच्या गुन्ह्यात ज्या कलमाची बातमी आली, त्याची शिक्षा दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ठरलेल्या शिक्षेइतकीच आहे. 'खून झाला की नाही ते कळत नाही, पण काहीतरी लपवलंय' या परिस्थितीसाठी केलेली ती तडजोड होती.

दंड संहिता १ जानेवारी १८६२ ला लागू झाली आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात एक प्रकरण घडलं. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतिराव फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. गर्भ पाडायची औषधं घेतली, उपयोग झाला नाही. मूल झालं. तिने ते मारून विहिरीत टाकलं. देह सापडला, खटला झाला, काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची. शास्त्रीबुवांचं काय? त्यांच्याविरुद्ध विहिरीतल्या देहात काही पुरावा नव्हता. त्या काळी असूही शकत नव्हता. आईपण पोटावर दिसतं, बापपण कुठेच दिसत नाही.

फुले दांपत्याने यावर काय केलं ते आपण शाळेत एका ओळीत वाचतो: बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६३. पण ४ डिसेंबर १८८४ ला फुल्यांनी सरकारला जे लिहून दिलं, त्यातला तपशील वाचला की अंगावर काटा येतो. गृह आपल्या घराच्या आवारात काढलं, छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीत रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या. तेव्हापासून ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली. ३० गेली. का गेली? फुल्यांनी कारण दिलं आहे. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती.

ही नोंद मला फार मोलाची वाटते. फुले डॉक्टर नव्हते. पण ३० मृत्यूंचा हिशेब ठेवून, त्यातलं समान कारण शोधून, ते सरकारला लेखी कळवणारा माणूस मृत्यूच्या कारणाचाच तपास करत होता. आणि त्याच्या तपासातून निघालं ते असं की मरण बाळंतपणाच्या कितीतरी आधी, लपवण्यापासून सुरू होतं. त्याच घरात आणखी एका विधवेचा मुलगा जन्मला. त्याला जोतिराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, यशवंत. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रुग्णांवर उपचार केले. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

१८७५ मध्ये पंढरपुरात असंच गृह निघालं. तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी ते उभं केलं. वारीच्या गावी सोडून दिलेली बाळं कमी नव्हती. पुढे १८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी आधी फाशी सुनावली गेली, मग ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नावाने बोटं मोडली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं आणि एकच सवाल लावून धरला, दोष एकटीचाच कसा? आपल्यापासून बुलढाणा काही लांब नाही. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, इंग्रजांची दंड संहिता आपल्याकडे थेट लागू झाली ती १९५१ मध्ये. पण विहिरी, आडरानं आणि बदनामीची भीती सीमेच्या दोन्हीकडे सारखीच.

आणखी एक फरक सांगायला हवा. ज्या इंग्लंडने आपल्याला हा कायदा दिला, त्याने १९२२ मध्ये आणि मग १९३८ मध्ये स्वतःचा कायदा बदलला. बाळंतपणाच्या धक्क्यातून न सावरलेल्या आईचं मन थाऱ्यावर नसताना तिच्या हातून एक वर्षाच्या आतलं मूल गेलं, तर तो खुनापेक्षा वेगळा, कमी शिक्षेचा गुन्हा मानायचा. भारताने असा वेगळा गुन्हा कधीच केला नाही. २०२४ मध्ये नवी न्याय संहिता आली तेव्हाही नाही. म्हणून आपल्याकडे देहाच्या तपासणीवर जास्तच भार येतो. तिथे चूक झाली तर मधली पायरीच नाही.

आता आजच्या शवविच्छेदनाकडे येऊ. फुप्फुसाची परीक्षा आजही पाठ्यपुस्तकांत आहे, पण तिच्या एकटीवर कुणी जाणता डॉक्टर मत देत नाही. तो बरंच काही बघतो.

बाळाचे दिवस भरले होते का? लांबी साधारण ५० सेंटीमीटर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला हाड धरल्याचं केंद्र, तळव्यावरच्या रेषा. सहा-सात महिन्यांच्या आतलं असेल तर जगण्याची शक्यताच वेगळी.

पोटातच मेलं होतं का? तसं असेल तर कातडी सुटते, अंग लिबलिबीत होतं, कवटीची हाडं एकमेकांवर चढतात. या खुणा ठळक असतील तर जिवंत जन्माचा प्रश्नच मिटतो.

जगलं असेल तर किती वेळ? पोटात हवा किंवा दूध गेलं होतं का, काळी शी बाहेर पडली होती का, नाळ सुकू लागली होती का, तिच्या बुडाशी लाल रेघ उमटली होती का. ती रेघ यायला साधारण दीड-दोन दिवस लागतात.

नाळ कापलेली की तुटलेली? हे फार महत्त्वाचं. स्वच्छ कापलेली, बांधलेली नाळ म्हणजे कुणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस तिथे होतं. फाटून तुटलेली नाळ आणि डोक्याला एखादी इजा, हे उभ्याने किंवा शौचाला बसल्यावर अचानक बाळंत झाल्यानेही होऊ शकतं. त्या इजेला घाव समजलं तर एक निरपराध बाई खुनी ठरते. गळ्यावर, नाकातोंडाभोवती बोटांच्या खुणा असतील तर चित्र बदलतं.

आणि हे सगळं वेळेवर व्हायला हवं. परभणीचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात, उकिरड्यात किंवा कॅनॉलच्या पाण्यात पडलेला देह काही तासांत बिघडू लागतो. कुत्री-डुकरं वेगळीच. हंटर यांनी सांगितलेली सगळ्यात मोठी अडचण, कुजण्याचा वायू, आपल्याकडे अपवाद नसून रोजची गोष्ट आहे.

डीएनए आल्यापासून एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशाची पद्धत शोधली आणि १९८९ मध्ये केरळच्या एका न्यायालयात बापपण ठरवण्यासाठी ती भारतात वापरली गेली. बाळाचा अर्धा डीएनए आईचा, अर्धा बापाचा. काशीबाईच्या शास्त्रीबुवांना आज लपता आलं नसतं. पण त्यासाठी नमुना नीट ठेवावा लागतो. तपासणीसाठी अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पण डीएनएचा नमुना त्यात बुडवला की त्यातून नीट निष्कर्ष निघणं अवघड होतं. तो वेगळा, थंड ठेवावा लागतो. आणि डीएनए फक्त नातं सांगतो. बाळाला कुणी टाकलं, का टाकलं, जिवंत टाकलं की मेलेलं, यातलं काहीही सांगत नाही.

इथे एक कायदेशीर फट आहे, ती माझ्या मते या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ (३) म्हणतं की ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच. राज्यांनी हे टप्प्याटप्प्याने, पाच वर्षांच्या आत लागू करायचं आहे. पण कलम ९४ ची शिक्षा २ वर्षं. म्हणजे ठाण्यात सुरुवातीला फक्त ९४ लावलं, तर तज्ज्ञ येण्याची सक्तीच राहत नाही. आणि तज्ज्ञ आला नाही तर ९४ च्या पुढे काय होतं हे कळायचा मार्ग बंद. कलम पुराव्यावरून ठरायला हवं, आपल्याकडे पुरावा कलमावरून ठरू शकतो.

म्हणून मागणी साधी आहे. सोडून दिलेलं नवजात बाळ मृत सापडलं की सुरुवातीचं कलम कोणतंही असो, फॉरेन्सिक पथक गेलंच पाहिजे आणि शवविच्छेदन न्यायवैद्यक विषयाच्या डॉक्टरकडूनच व्हायला हवं. यासाठी नवा कायदा लागत नाही. आता परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. जिल्हा पोलीस आणि जिल्हा रुग्णालय यांनी एकत्र बसून एक पानाची कार्यपद्धती ठरवली तरी पुरे.

आपल्यासाठीही काही आहे. असं बाळ दिसलं आणि त्यात धुगधुगी वाटली, तर कोरड्या कापडात उबदार गुंडाळा, १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. आधी जीव, मग पुरावा. बाळ गेलेलंच असेल तर हलवू नका, धुऊ नका, कापड बदलू नका. ११२ ला कळवा आणि लोकांना लांब ठेवा. कापडाची गाठ, पिशवीवरचं दुकानाचं नाव, नाळेचं टोक, सगळं बोलतं. आणि फोटो टाकू नका. बाळाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने मनाई आहे.

आता शेवटचं. फुल्यांच्या ३५ पैकी ३० या हिशेबातून मी एवढंच शिकलो की तपास कितीही चांगला झाला तरी तो उशिराच पोचतो. १८६३ मध्ये जे दार पुण्यातल्या एका घराला होतं, ते आज कायद्यात आहे, पण किती जणींना ठाऊक आहे? गर्भपाताचा कायदा लग्न झालं आहे की नाही हे विचारत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने तो करता येतो. अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांच्या तरतुदीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. दिवस भरले असतील तर दवाखान्यात बाळंत होऊन बाळ बालकल्याण समितीकडे सोपवता येतं. लग्न झालेलं नसेल तर एकट्या आईची सही चालते. विचार बदलण्यासाठी दोन महिने मिळतात. तिची ओळख गुप्त राहते. बाळ असं सोपवलं म्हणून आईबापावर गुन्हा नोंदवायचा नाही, असं बाल न्याय कायदाच सांगतो.

हे सगळं पुस्तकात आहे. भिंतीवर कुठेच नाही. फुल्यांनी जाहिराती कोपऱ्याकोपऱ्यावर चिकटवल्या होत्या, कारण जिला गरज आहे ती विचारायला येत नाही हे त्यांना कळलं होतं. परभणी, पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या बसस्थानकांवर, मुलींच्या वसतिगृहांत, ट्रॅव्हल्सच्या थांब्यांवर, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या जिथून निघतात तिथे एक साधा कागद लावता येईल: 'बाळ सांभाळणं शक्य नसेल तर टाकू नका. १०९८ ला फोन करा. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, तुमच्यावर गुन्हा होणार नाही.'

आपल्यापैकी कुणी नगरसेवक असेल, आशाताई असेल, कॉलेजात शिकवणारं असेल, ट्रॅव्हल्सचा धंदा करणारं असेल, तर सांगा. मजकूर मी लिहून देतो, छपाईचा खर्च वाटून घेऊ. पहिला कागद पाथरी-सेलू रस्त्यावर लावू.